द हिंदूचं क्रिप्टिक: घरात तिघं असाल तरच घ्या

आमच्याकडे हा पेपर फक्त क्रिप्टिकसाठी, म्हणजे त्यातल्या आडवळणी इंग्रजी शब्दकोड्यासाठी येतो, बातम्या काय मोबाईलवर वाचतोच. क्लूच्या एका टोकाला सहसा सरळ अर्थ आणि उरलेल्यात शब्दांची चलाखी, एवढं कळलं की झालं, पण कळायलाच मला दोन महिने गेले. एक जुना प्रसिद्ध क्लू सांगते, नुसतं ‘जी-ई-जी-एस’ आणि पुढे 9, 4, म्हणजे उत्तरात नऊ आणि चार अक्षरांचे दोन शब्द. मी आणि बाबा अर्धा तास डोकं खाजवत बसलेलो, तर आई अंडी फेटता फेटता म्हणाली, अरे एग्जची अक्षरं विस्कटलीयत ना, स्क्रॅम्बल्ड एग्ज! एकटीने सोडवायला मजा नाही हो. फक्त बाबांच्या हातात पेन देऊ नका, परवा अख्खा कोपरा गिचमिड करून ठेवला.