खारघर, पेठपाडा : साडेदहा महिने राहून झाल्यावर

लालबागच्या चाळीतून आम्ही नवी मुंबईतल्या खारघरला आलो त्याच आठवड्यात पंतप्रधानही आले होते. ते 15 जानेवारी 2025 ला इस्कॉनच्या मंदिराच्या उद्घाटनाला, आम्ही दूध उतू घालायला. बंदोबस्तामुळे आमचा टेम्पो दोन तास अडकला आणि तेवढ्यात फ्रीजच्या कडेला बांधलेला माठ फुटला. सासूबाई म्हणाल्या, "फुटला तेच बरं. दृष्ट गेली." आता नोव्हेंबर संपत आलाय. थंडी, उन्हाळा, पावसाळा तिन्ही बघून झाले. फ्लॅट शोधणारे ओळखीतले लोक दर रविवारी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आमचा टू बीएचके, कार्पेट 610 चौरस फूट, बारावा मजला. पेठपाडा मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, हातात पिशव्या असतील तर दहा. बिल्डरचं नाव लिहिणार नाही. त्याच्याशी अजून पत्रव्यवहार चालू आहे आणि तसंही, या पट्ट्यातल्या कुठल्याही टॉवरमधल्या माणसाला विचारा, साधारण हीच कथा ऐकाल.

आधी आवडलेलं. रस्ते! नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची. आखणी आधी आणि घरं मागून, असं शहर मी याआधी कधी बघितलं नव्हतं. लालबागला पत्ता सांगताना आम्ही "वाण्याच्या बाजूची गल्ली, मग डावीकडे नळ" असं सांगायचो. इथे सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगितला की झालं. फक्त सेक्टरचे आकडे ओळीनेच लागतील अशी अपेक्षा ठेवू नका, पहिले दोन महिने रिक्षात बसून मीच गोंधळायचे. फुटपाथ चालण्याजोगे आहेत. सासूबाई गुडघ्याच्या त्रासामुळे चाळीचा जिना उतरायच्या नाहीत, त्या इथे रोज संध्याकाळी अर्धा तास चालतात. या एका गोष्टीसाठी मी बाकीचं बरंच माफ केलंय.

मात्र आखलेल्या सेक्टरमध्ये रोज लागणारं काही मिळत नाही, हे फ्लॅट बघताना कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या इमारतीखाली 22 गाळे आहेत. आम्ही आलो तेव्हा त्यातले नऊ इस्टेट एजंट, तीन सलून, दोन मेडिकल, एक केकचं दुकान. पिठाची गिरणी नाही. ब्लाउज शिवणारी नाही. मासळी तर नाहीच. ती सगळी गावठाणात. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ती आगरी-कोळ्यांची गावं सेक्टरांच्या मधेमधे अजून तशीच आहेत. खारघर गाव, मुर्बी, ओवे, पेठ. मोबदल्यासाठीच्या 1984 च्या आंदोलनात माणसं मेली, दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला आणि त्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली, हे मला इथल्या गिरणीवाल्याने दळण होईपर्यंत सांगितलं. आमची सेल्सवाली मुलगी गावाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "मॅम, दॅट पार्ट विल गो." देव करो आणि न जावो. तो भाग गेला तर आम्ही खायचं काय?

मेट्रोबद्दल सगळे विचारतात. बेलापूर ते पेंधर, 11 स्टेशनं, 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली. स्वच्छ आहे, एसी आहे, भाडं दहा ते तीस रुपये. पण नकाशा नीट बघा. ती खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही. घर घेताना "मेट्रो दारात, स्टेशन जवळ" ही दोन वाक्यं एका दमात सांगतात आणि आपण मनातल्या मनात ती जोडून टाकतो. माझं ऑफिस फोर्टला. मी मेट्रोने बेलापूर गाठते आणि तिथून हार्बर लाइनची लोकल पकडते. यात एक फायदा निघाला: काही लोकल बेलापूरहूनच सुटतात, त्यात बसायला मिळतं. पनवेलहून भरून येणारी गाडी सोडून द्यायची आणि पुढची बेलापूर लोकल घ्यायची, हे मला पेठपाड्यालाच चढणाऱ्या एका बँकेतल्या बाईंनी शिकवलं. दारापासून दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटं. लालबागहून 25 मिनिटांत पोचायचे. हे गणित मी कितीही वेळा मांडलं तरी माझ्या बाजूने येत नाही. रविवारी मेगाब्लॉक असेल तर मुंबईतलं लग्न, बारसं सगळं व्हिडिओ कॉलवर. मेट्रोही गर्दीची वेळ सोडली तर पंधरा-पंधरा मिनिटांनी येते. एक चुकली की फलाटावर उभं राहून डोंगर बघायचा.

डोंगर मात्र बघण्यासारखा आहे.

पाणी. मार्चअखेरपर्यंत काही जाणवलं नाही. एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास झालं आणि मेमध्ये टँकर. महिन्याला 5800 रुपये मेंटेनन्स भरतो, तरी टँकरचा खर्च वेगळा, आणि त्याच महिन्यात क्लबहाउसचा पूल काठोकाठ भरलेला. त्यावरून ग्रुपवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच: भोगवटा प्रमाणपत्र आहे म्हणजे उन्हाळ्यात पुरेसं पाणी आहे असं समजू नका. फ्लॅट बघायला जाल तेव्हा सेल्स ऑफिसात विचारू नका, वॉचमनला विचारा, "मेमध्ये दिवसाला किती टँकर लागले?" तो खरं सांगतो. त्याला कमिशन नसतं.

आता भिंत. यंदा पाऊस 26 मेलाच आला, मुंबईत गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. 29 तारखेला मुलाच्या खोलीत खिडकीच्या खाली हाताएवढा डाग दिसला. मला वाटलं त्यानेच पाणी सांडलंय, दोन शब्द बोललेसुद्धा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डाग गादीएवढा झाला, पुट्टीला फुगे आले आणि नखाने दाबलं की पापुद्रा निघायचा. कपाट सरकवलं तर मागे हिरवी बुरशी. नवीन घर, पाच महिन्यांचं! साइटवरचा माणूस आला, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "नवीन बिल्डिंगला पहिल्या पावसात थोडं येतं, सेट होईल." मला हे वाक्य इतकं पटवून सांगितलं की मी त्याला चहासुद्धा दिला.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी माझे डोळे उघडले. त्यांचंच वाक्य: "सेट व्हायला ते दही आहे का?" घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याचं कलम 14(3) त्यांनी छापूनच आणलं होतं. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला आणि आपण तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई मागता येते. फोनवर सांगितलेलं हवेत विरतं. म्हणून तारखेसकट फोटो, ईमेल आणि शिवाय रजिस्टर पोस्ट. आमच्या विंगमध्ये विचारलं तर खाडीकडून वारा येतो त्या बाजूच्या 14 घरांत हीच ओल निघाली. प्रत्येकाला वाटत होतं आपल्याच घरात आहे, आणि पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून प्रत्येकाने तिथे कपाट सरकवून ठेवलं होतं. 14 जणांनी एकाच दिवशी पत्रं टाकली. ऑगस्टमध्ये बाहेरून झुले लागले, दोरावर लोंबकळत दोन पोरांनी भेगा भरल्या आणि काहीतरी पांढरं केमिकल मारलं.

सोसायटी अजून झालेली नाही. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत ती स्थापन होऊ देणं हेसुद्धा कायद्याने बिल्डरचंच काम आहे, तरी हिशोब त्याच्याकडे, चाव्या त्याच्याकडे. काकांचं त्यावरही छापणं चालू आहे.

ब्रोशरमधल्या सोयींबद्दल फार लिहायला नको. पूलमध्ये मी दोनदा गेले. मिनी थिएटरला कुलूप आहे. "सीनियर सिटिझन्स कॉर्नर" म्हणजे डक्टच्या शेजारी दोन बाक, तिथे म्हातारी माणसं सोडून कॉलेजची पोरं बसतात. म्हातारी माणसं बसतात गेटबाहेर बसस्टॉपवर, कारण तिथे माणसं दिसतात.

त्यापेक्षा जूनमधली एक सकाळ सांगते. मेट्रोच्या जिन्याखाली एक ठाकर बाई टोपली घेऊन बसली होती. खारघरच्या टेकडीवर चाफेवाडी, फणसवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत, त्यातल्या फणसवाडीची. टोपलीत तपकिरी-जांभळट, लांब कणसासारखं काहीतरी, जुड्या बांधलेलं. शेवळं, म्हणाली. सासूबाई मालवणकडच्या, त्यांना टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या सगळ्या ठाऊक, शेवळं नाहीत. वीस रुपयांना दोन जुड्या घेतल्या, घरी आणून वालाच्या शेंगांसारख्या चिरल्या, कांद्यावर परतल्या. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचा घसा असा खाजायला लागला की मुलगा रडायलाच आला. गूळ, ताक, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने बाईकडे गेले. ती हसत सुटली. "काकडं नाय टाकली? मंग खाजलच ना गो बाय!" तिच्याजवळच दुसऱ्या फडक्यात हिरवी बारकी आंबट फळं होती, ती काकडं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा, आणि शेवळाचा बुडाकडचा पिवळा दाणेदार भाग कापून टाकायचा. मी आदल्या दिवशी काकडं कच्च्या आवळ्यांसारखी काहीतरी समजून सोडून दिली होती. तिने पाच रुपयांची काकडं फुकट दिली. त्या रात्री सोडे घालून केलेली शेवळं सासूबाईंनी तीनदा वाढून घेतली. आता त्या मुंबईतल्या नणंदेला फोनवर "आमच्याकडे शेवळं मिळतात" असं सांगतात. आमच्याकडे!

बघण्यासारख्या जागा: सेंट्रल पार्क 2010 पासूनचं, प्रचंड मोठं. काही कोपरे राखलेले, काही रान झालेले. मला रान झालेले आवडतात. सकाळी सहाला जा, नऊनंतर सावली कमी. इस्कॉनचं राधा मदनमोहन मंदिर पांढऱ्या संगमरवराचं, सुंदर आहे, पण रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन जायचा विचार करू नका, मेट्रोच घ्या. पांडवकडा 107 मीटरचा धबधबा, आणि ज्या दिवसांत तो असतो नेमक्या त्याच दिवसांत तिथे जायला बंदी असते. लोक बुडालेत तिथे, बंदी योग्यच आहे. गोल्फ कोर्सच्या बाजूच्या रस्त्यावरून लांबून दिसतो, भुट्टा खात तेवढं बघायचं. कर्नाळा अभयारण्य पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा रस्त्यावर. स्कूटरवरून गेलो, तिथे मुलाला लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसला. तेव्हापासून मोबाइलऐवजी दुर्बीण मागतोय, म्हणजे खर्च वाढलाच.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे वास. थंडीत, रात्री अकराच्या पुढे, वारा तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूने फिरला की खिडकीतून कुजक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा दर्प येतो. रोज नाही. आठवड्यातून एक-दोनदा. फ्लॅट दाखवतात तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि समोर डोंगर असतो, त्यामुळे हे कळायचा मार्गच नाही. खारघरच्या स्टेशनकडच्या सेक्टरांत माझी मैत्रीण राहते, तिला हा त्रास जवळजवळ नाही. तिचा फ्लॅट माझ्याहून तीस लाखांनी महाग होता. त्यातले निदान दहा लाख हवेचे असावेत.

नवी मुंबई विमानतळाचं 8 ऑक्टोबरला उद्घाटन झालं, 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडणार असं जाहीर झालंय. तेव्हापासून एजंटांचे गाळे नऊचे अकरा झालेत, केकवाला गेला.

सासूबाई अजून दिवसा दार उघडं ठेवतात, पडदा बांधून, चाळीतल्यासारखं. पहिल्या महिन्यात सिक्युरिटीने खालून फोन केला, "मॅडम, आपका दरवाजा खुला है." गणपतीत मात्र समोरच्या तामिळ आजींनीही दार उघडं ठेवलं. मोदक तिकडे गेले, तिकडून सुंडल आलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण रोज चारला चहा एकत्र असतो आणि दोघी गुडघ्यांवर बोलतात.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा ऑफिसच्या प्रवासापायी, एक बिल्डरपायी कापलाय. परत घ्यायचं झालं तर याच भागात घेईन, या टॉवरमध्ये नाही. दहा-बारा वर्षं जुन्या, चार-सात मजली सोसायटीत घेईन, जिथल्या भिंतींनी दहा पावसाळे खाल्लेत आणि हिशोब रहिवाशांच्या हातात आहे. तिथे पूल नसेल, पाणी तरी असेल.

कोणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर या, पण आत्ता नका येऊ. आत्ता भिंत कोरडी आहे आणि रंग नवा आहे, तुम्ही लगेच टोकन देऊन मोकळे व्हाल. जूनच्या अखेरीस या. मुलाच्या खोलीतलं कपाट मी सरकवून ठेवते.