3 किलोवॅटचा इन्स्टंट की 2 किलोवॅटचा 15 लिटरवाला? गीझर घेण्याआधी घरातला व्होल्टेज मोजा

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "इन्स्टंट घ्या, 3 किलोवॅट आहे, लगेच गरम." खोटं नाहीये ते, पण तो आकडा 230 व्होल्ट मिळाले तरचा असतो आणि निफाडला आत्याकडे डिसेंबरात सकाळी सहाला मी मीटर लावला तर 190 दाखवत होता, तिथे लाइनच्या टोकाला घर, त्यात सगळ्यांचे गीझर एकदम चालू.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर, म्हणजे 3000 भागिले 230, 13 अँपिअर. मग व्होल्टला अँपिअरने भागलं की कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 17.6 ओहम. 2 किलोवॅटवाल्याचे 8.7 अँपिअर आणि 26.4 ओहम. पॉवर जास्त तर रेझिस्टन्स कमी, इथे बरेच जण उलटं समजतात.

आता मुद्दा असा की व्होल्टेज पडला तरी कॉइलचे ओहम जवळपास तेवढेच राहतात, पडतात ते वॅट. 190 ला इन्स्टंट 10.8 अँपिअर घेतो, गुणिले 190 केलं की जेमतेम 2050 वॅट!! 2 किलोवॅटवाला उतरतो 1370 वर. दोघांचंही एक तृतीयांश गेलं, पण त्रास सारखा नाही. 20 डिग्रीचं पाणी 40 वर न्यायचं तर 20 लिटरची बादली इन्स्टंटवर एरवी नऊ-साडेनऊ मिनिटांत भरते, तिथे साडेतेरा लागतात आणि नळाला धार अगदी बारीक ठेवावी लागते, शाळेला निघालेली पोरं बाहेर ताटकळत. 15 लिटरच्या टाकीवाल्याला 55 डिग्रीपर्यंत जायला अठराच्या जागी सत्तावीस मिनिटं लागतात, पण तो दहा मिनिटं आधी लावला की झालं. फक्त त्यात गार पाणी मिसळून सव्वा बादलीच होते, दुसऱ्यासाठी परत थांबा.

बिलाचं फार मनावर घेऊ नका, बादलीला अर्धा युनिट दोन्हीकडे, टाकीवाला दिवसभर चालू ठेवला तरच वाया जातं.

मला जास्त काळजी वाटते ती सॉकेटची. आत्याकडे आधीच्या वायरमनने इन्स्टंटला 6 अँपिअरच्या सॉकेटवरच जोडून दिलं होतं, पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळून वास येत होता. पिन सैल होऊन समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स तिथे आला, तर अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम, 13 गुणिले 13 गुणिले अर्धा, साडेचौऱ्याऐंशी वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत, म्हणजे 25 वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्न सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखं. 8.7 अँपिअरला तेच 38 वॅट. तेही वाईटच, पण निम्म्याहून कमी.

तर व्होल्टेज 220 च्या वर टिकत असेल, बाथरूमला मेनपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग असेल, एकामागोमाग अंघोळी असतील तर इन्स्टंट खुशाल घ्या. सकाळी 200 च्या खाली येत असेल किंवा वायरिंग जुनं असेल तर 15 लिटरवाला. सॉकेट त्यालाही 16 चंच लागतं. आत्याकडे आम्ही सॉकेट आणि वायर बदलून तोच लावला, ती साडेपाचला उठते, बटण दाबते आणि चहा ठेवते.