क्लिप्शहॉर्न की अल्टेक ए-७? आधी खोलीचे कोपरे पाहा

जुन्या हॉर्न, म्हणजे कर्ण्याच्या स्पीकरची जोडी घ्यायची म्हटलं की लोक आधी आवाजाची वर्णनं वाचतात. माझं म्हणणं, आधी खोली मोजा. क्लिप्शहॉर्न आणि अल्टेक ए-७ या दोन स्पीकरमधला खरा फरक तिथेच आहे.

४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास साडेआठ मीटर. तो कर्ण्यातून नीट बाहेर काढायचा तर कर्ण्याचं तोंड घरात मावणार नाही एवढं लागतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप या गावी पॉल क्लिप्श यांनी यावर फार सुरेख तोड काढली. कर्णा लाकडी पेटीत दुमडून बसवला आणि त्याचा शेवटचा भाग खोलीच्या भिंतींवर सोपवला. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून ध्वनीला पसरायला अवकाशाचा आठवा हिस्साच उरतो, त्यामुळे तोंड त्याच प्रमाणात लहान चालतं. हाच क्लिप्शहॉर्न. १९४६ पासून हा स्पीकर बनतो आहे, आणि इतकी देखणी अभियांत्रिकी मी घरगुती स्पीकरमध्ये क्वचितच पाहिली आहे.

पण हीच त्याची अट. कोपऱ्यालगत बाल्कनीचं दार असेल तर खर्ज गळतो. स्टिरिओसाठी एकाच भिंतीला दोन मोकळे कोपरे हवेत, आणि खोली रुंद असली की मध्ये पोकळी जाणवते. क्लिप्श यांनी १९५७ मध्ये छोटा 'हेरेसी' आणला तो मधल्या जागेसाठीच. मागची बाजू बंद असलेला, म्हणून कोपऱ्याला घट्ट टेकवावा न लागणारा क्लिप्शहॉर्न २०१९ मध्ये आला. जुन्या जोडीत ती सोय नाही.

अल्टेक या अमेरिकी कंपनीची 'व्हॉइस ऑफ द थिएटर' मालिका १९४५ ची, चित्रपटगृहांसाठी. ए-७ त्यातला धाकटा: १५ इंची वूफरपुढे (खर्जाचा स्पीकर) आखूड हॉर्न, खाली हवेला वाट, वर कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा (वरच्या स्वरांचा स्पीकर) धातूचा हॉर्न. कोपरा लागत नाही. मात्र खोल खर्ज कमी, आणि रचना लांब बसलेल्या प्रेक्षकांसाठीची; दहा फुटांवरून ऐकलं तर वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो.

ताकदीच्या बाबतीत दोघेही सारखेच उदार, थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज देतात. एका वॅटवर एक मीटर अंतरावर १०४ डेसिबल देणारा स्पीकर ८८ देणाऱ्या पेटीपेक्षा तेवढ्याच आवाजासाठी सुमारे ४० पट कमी वॅट मागतो, म्हणून छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पुरतो. १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीची एआर-१ ही छोटी बंद पेटी आली, तिनं जागा वाचवली पण वॅट मागितले.

दोन सलग कोपरे असतील तर माझा कौल निःसंशय क्लिप्शहॉर्नला. नसतील, पण खोली लांब असेल, तर ए-७. दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही नकोत, हेरेसी पाहा.

जोडी पाहायला जाल तेव्हा क्रॉसओव्हरमधले (वरचे-खालचे स्वर वेगळे करणारं सर्किट) कपॅसिटर बदलले आहेत का ते विचारा, दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर एकाच प्रकारचे आहेत ना ते उघडून बघा, आणि जिन्याची रुंदी आधीच मोजून ठेवा.