एजन्सीचा प्रमुख आधी काय करत होता? करारापूर्वी खानदेशातील पालकांसाठी एक तुलना

मागच्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यातील एक शेतकरी आणि त्यांची पत्नी माझ्या जळगावच्या कचेरीत आले. त्यांच्या कापडी पिशवीत कापसाच्या पावत्यांबरोबर दोन करारांचे मसुदे होते, एक ६ पानांचा आणि दुसरा १९ पानांचा, दोन्ही इंग्रजीत. मुलगी १५०० मीटर धावते, राज्य पातळीवर तिचे नाव होऊ लागले आहे, आणि दोन क्रीडा व्यवस्थापन एजन्सींनी तिच्यासाठी विचारणा केली होती. मी करसल्लागार आहे. विवरणपत्रे भरण्याच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या घरचे असे कागद माझ्याकडे वरचेवर येतात. वडील खुर्चीत बसत म्हणाले, "भाऊ, आमनी पोर पयाले शिकनी, कागद वाचाले नही." मग त्यांनी विचारले की यातले जास्त पैसे कोण देईल.

मी त्यांना आधी दुसरेच विचारले: या दोन्ही संस्था चालवतो कोण, आणि हा धंदा सुरू करण्यापूर्वी तो माणूस काय करत होता? एका एजन्सीचा प्रमुख पूर्वीचा धावपटू होता, दुसरीचा प्रमुख जाहिरात क्षेत्रातून आलेला. रावेर-यावलचा केळी उत्पादक व्यापाऱ्याला माल देताना तो मुळात शेतकरी आहे, ट्रकवाला आहे की नुसता मधला दलाल आहे याची चौकशी करतोच. कारण घड पाहताना प्रत्येकाची नजर वेगवेगळ्या ठिकाणी जाते. खेळाडूच्या बाबतीतही हीच चौकशी व्हावी, म्हणून हा आढावा लिहीत आहे.

या व्यवसायाची सुरुवातच एका वकिलाने केली. मार्क मॅकॉर्मॅक हे येल विद्यापीठातून कायदा शिकलेले आणि क्लीव्हलँडमध्ये वकिली करणारे गृहस्थ. महाविद्यालयात असताना ते स्वतः चांगले गोल्फ खेळत. १९६० मध्ये त्यांनी अर्नोल्ड पामर या गोल्फपटूचे काम हाती घेतले आणि त्यातून आयएमजी ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. दहा वर्षांनी, १९७० मध्ये, डोनाल्ड डेल यांनी प्रोसर्व्ह स्थापन केली. तेही वकील, पण अमेरिकेच्या डेव्हिस चषक टेनिस संघाचे कर्णधार राहिलेले, आणि आर्थर अ‍ॅशसारखे खेळाडू त्यांच्याकडे होते. बेसबॉलमधील स्कॉट बोरास यांची वाट आणखी निराळी आहे. दुय्यम साखळीत खेळताना गुडघ्याने दगा दिला, मग त्यांनी औषधशास्त्राची आणि नंतर कायद्याची पदवी घेतली, वैद्यकीय खटले लढवले आणि शेवटी खेळाडूंचे प्रतिनिधी झाले. या तिघांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते की नावाजलेले वकील-प्रतिनिधी बहुधा निव्वळ वकील नव्हते. मैदानाची माती त्यांच्याही पायाला लागलेली होती.

वकील प्रमुख असण्याचा फायदा काय, हे आपल्याकडच्याच एका खटल्यातून चांगले समजते. श्रीरामपूरच्या झहीर खानने कारकिर्दीच्या सुरुवातीला, २००० साली, पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात एक कलम असे होते की मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाकडून प्रस्ताव आला, तर तो आधी जुन्या कंपनीपुढे ठेवायचा आणि तिने तेवढीच रक्कम देऊ केली तर तिच्याकडेच राहायचे. मुदत संपल्यावर झहीर ग्लोबोस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यानंतरही खेळाडूचे हात बांधून ठेवणारे असे कलम भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. निकाल खेळाडूच्या बाजूने लागला खरा, पण तोवर करार संपून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. भारतीय संघातील वेगवान गोलंदाज हा वेळ आणि खर्च पेलू शकतो. नंदुरबारच्या आश्रमशाळेतून आलेल्या तिरंदाजाच्या घरच्यांनी मुंबईच्या किती खेपा घालायच्या?

म्हणून ज्या एजन्सीच्या शीर्षस्थानी कायदा जाणणारा माणूस आहे, तिचे कागद बहुधा लांब पण स्वच्छ असतात. तिथे कमतरता आढळते ती वेगळ्या ठिकाणी. कलमे बिनचूक असतात, मात्र हंगाम कधी सुरू होतो, दुखापतीनंतर किती महिने मुलीला स्पर्धेत उतरवू नये, जिल्हा संघटनेत निवड चाचणीच्या आठवड्यात काय घडते, हे सांगणारा माणूस त्या कचेरीत असेलच असे नाही. बंगळुरूच्या गोस्पोर्ट्स फाउंडेशनचे नंदन कामथ हे क्रीडा कायद्याचे अभ्यासक आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक आहेत. २००८ मध्ये सुरू झालेली ती संस्था कमिशनवर चालणारी एजन्सी नसून खेळाडूंना आधार देणारे प्रतिष्ठान आहे. हा फरक मी मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्याकडे पालक 'संस्था' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात. प्रतिष्ठान खेळाडूवर पैसा खर्च करते, तर एजन्सी त्याच्या उत्पन्नात वाटा घेते.

खेळाडू राहिलेल्या प्रमुखांचे भारतात चांगले दाखले आहेत. १९९७ च्या फ्रेंच स्पर्धेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवून ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय ठरलेल्या महेश भूपतीनेच वर उल्लेख आलेली ग्लोबोस्पोर्ट उभी केली. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी २००१ मध्ये ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टची स्थापना केली, हेही प्रतिष्ठानच. तिची धुरा विरेन रस्किन्हा यांच्याकडे आली ती २००९ मध्ये. ते अथेन्स ऑलिंपिक खेळलेले, भारताचे माजी हॉकी कर्णधार. लवकर निवृत्ती घेऊन त्यांनी हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमधून व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि मगच हे काम स्वीकारले. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. नुसते खेळलेले असणे पुरेसे नाही. खेळ सोडल्यानंतर त्या माणसाने दुसरे काय शिकून घेतले, हेही पाहिले पाहिजे.

खेळाडू-प्रमुखाला जे आपोआप कळते ते इतरांना समजावून सांगावे लागते. आमच्या भागात मुलगी धावते तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे जाहिरात नसते. रेल्वे, पोलीस किंवा शासनाच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातून लागणारी नोकरी असते. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत नोकरीला होता, हे इथल्या प्रत्येक क्रीडा शिक्षकाला तोंडपाठ आहे. अमळनेरच्या त्या १९ पानी मसुद्यात कमिशन 'खेळाडूच्या सर्व उत्पन्नावर' असे लिहिलेले होते. त्या शब्दांत नोकरीचा पगारही बसतो, सरकारी बक्षीसही बसते, आणि उद्या जळगावातल्या एखाद्या उद्योगसमूहाने दिलेली शिष्यवृत्तीही बसते. हा मसुदा जाहिरात क्षेत्रातून आलेल्या प्रमुखाच्या एजन्सीचा होता. त्यात लबाडी होती असे मला वाटत नाही. त्यांच्या अनुभवात खेळाडूचे उत्पन्न म्हणजे जाहिरातीच, इतकाच त्याचा अर्थ. पण कागदावर लिहिले जाते ते पुढे लागू होते. धावपटू प्रमुखाच्या ६ पानी मसुद्यात मात्र 'नोकरी, शासकीय पुरस्कार आणि शिष्यवृत्ती वगळून' असे स्पष्ट लिहिलेले आढळले. त्याच मसुद्यात करार मोडायचा झाल्यास काय करायचे, याविषयी एक ओळही नव्हती.

जाहिरात आणि दूरचित्रवाणीतून आलेली मंडळी हा तिसरा वर्ग. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण भारतीय खेळाडूच्या बाजारमूल्याची कल्पनाच त्यांनी बदलली. बंगळुरूत जन्मलेले मार्क मास्कारेन्हास अमेरिकी दूरचित्रवाणीत काम करून आले होते; त्यांच्या वर्ल्डटेलने १९९६ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क घेतले आणि १९९५ मध्ये सचिन तेंडुलकरशी करार केला, ज्याचे कोट्यवधींचे आकडे त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नव्हते. प्रक्षेपणाचा प्रत्येक सेकंद किती किमतीचा असतो हे माहीत असलेल्या माणसालाच सचिनची किंमत तशी मांडता आली. मात्र जानेवारी २००२ मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात मास्कारेन्हास यांचे निधन झाले, आणि एकाच माणसाच्या ओळखींवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हा समोर आला. पालकांनी हा प्रश्न नि:संकोच विचारावा: तुम्ही उद्या या कंपनीत नसलात, तर माझ्या मुलीचा फोन कोण उचलेल?

या वर्गाची मर्यादा वेळेची आहे. ज्याला सगळे ओळखतात त्या खेळाडूला ते उंचीवर नेतात. ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याच्याकडे लक्ष द्यायला त्यांच्याकडे कारणही नसते आणि सवडही नसते.

उद्योगसमूहांच्या क्रीडा शाखांबद्दल थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या जेएसडब्ल्यू स्पोर्ट्समागे पार्थ जिंदाल यांचे उद्योग घराणे आहे, आणि माजी टेनिसपटू मुस्तफा घौस यांनी अनेक वर्षे तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून काम पाहिले. भांडवल उद्योगाचे आणि नजर खेळाडूची, अशी ही सांगड. कर्नाटकात विजयनगर येथे त्यांची प्रशिक्षण संस्थाही आहे. अशा ठिकाणी सोयी उत्तम मिळतात, पण अटी ठरलेल्या असतात आणि त्यांत बदल करून घेण्याइतके वजन नवख्या खेळाडूकडे नसते. नीरज चोप्राने जानेवारी २०२६ मध्ये जेएसडब्ल्यू स्पोर्ट्समधून बाहेर पडून वेल स्पोर्ट्स ही स्वतःची कंपनी काढली. ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर खेळाडूला असा मार्ग मोकळा होतो, त्याआधी क्वचितच.

राहिला तो वर्ग, ज्याच्याविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त संशय असतो: ज्यांच्याकडे ना पदवी, ना खेळातले नाव. रिच पॉल हे मोटारीच्या डिकीतून जुन्या धाटणीच्या जर्सी विकत. २००२ मध्ये अ‍ॅक्रनच्या विमानतळावर बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सशी त्यांची ओळख झाली आणि दहा वर्षांनी त्यांनी क्लच स्पोर्ट्स ही एजन्सी काढली. २०१९ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने काही प्रतिनिधींसाठी पदवीची अट घातली. ती त्यांच्यावरच रोखलेली आहे अशी टीका झाल्यावर काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. फुटबॉलमधील जॉर्ज मेंडेस यांनी प्रतिनिधी होण्याआधी व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवले होते, आणि मिनो रायोला घरच्या पिझ्झा हॉटेलात काम करत वाढले. तेव्हा गावातला ओळखीचा माणूस केवळ पदवी नाही म्हणून बाद करू नये. मात्र फुटबॉल आणि मैदानी खेळ यांसारख्या खेळांत प्रतिनिधीला आंतरराष्ट्रीय महासंघाची परीक्षा द्यावी लागते. फिफाने २०१५ मध्ये सोडून दिलेली परवाना पद्धत २०२३ मध्ये परत आणली, आणि पहिल्या परीक्षेला बसलेल्यांपैकी जेमतेम निम्मे उत्तीर्ण झाले. धावपटूच्या पालकांनी हे प्रमाणपत्र पाहण्याची मागणी जरूर करावी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, कारण कोणत्याही पार्श्वभूमीचा प्रमुख ती स्वतःहून सांगत नाही. समजा दहा लाखांची जाहिरात मिळाली आणि एजन्सीचे कमिशन वीस टक्के आहे. दोन लाख कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे छत्तीस हजार, आणि जाहिरातदाराने मूळ रकमेवर आधीच कापलेला दहा टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा आयकर) म्हणजे एक लाख. बँकेत येतात सहा लाख चौसष्ट हजार. टीडीएस पुढे हिशेबात धरला जातो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. त्या दिवशी हा हिशेब मी पाटकोऱ्या कागदावर मांडला, तेव्हा मुलीच्या आईने पेन्सिल मागून घेतली आणि प्रत्येक वजाबाकी स्वतः पुन्हा करून पाहिली.

माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले. प्रत्येक प्रमुखाच्या पार्श्वभूमीत काहीतरी उणे असते, आणि ते उणे आपल्याला इथे बसून भरून काढता येते का, हे पाहावे. कायद्याची उणीव भरून निघते. जळगावच्या न्यायालयात करार वाचून देणारे चांगले वकील आहेत आणि एका दिवसाची फी देऊन ते काम होते. हिशेब मी किंवा दुसरा कोणीही पाहील. पण पिंडरी दुखत असताना स्पर्धेतून नाव मागे घेण्याचा निर्णय ज्याला मनापासून पटतो, असा माणूस वकिलाच्या फीत मिळत नाही. म्हणून उमेदीच्या काळातील, वैयक्तिक खेळातील मुलामुलींसाठी मी खेळाडू-प्रमुखाची एजन्सी आणि सोबत स्थानिक वकील अशी जोडी सुचवतो. आयपीएलच्या उंबरठ्यावरच्या क्रिकेटपटूने सल्ला मागितला, तर मी उलट सांगेन: त्याच्याकडे खेळाचे जाणकार आधीच पुष्कळ असतात, तेव्हा त्याने बाजार जाणणारा प्रमुख निवडावा.

ही माहिती मिळवणे अवघड नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की संचालकांची नावे आणि स्थापनेची तारीख दिसते. त्या एजन्सीतून बाहेर पडलेल्या एखाद्या खेळाडूशी बोलता आले, तर त्याहून चांगले.

मुलगी तेव्हा अठरा वर्षांची नव्हती, आणि भारतीय कायद्याने अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. त्यामुळे चार महिने थांबणे क्रमप्राप्तच होते. त्या काळात वडिलांनी दोन्ही प्रमुखांना फोन करून एकच प्रश्न विचारला, की आमच्या मुलीची १५०० मीटरची सर्वोत्तम वेळ किती. एकाने विचारून कळवतो म्हणून सांगितले. दुसऱ्याने वेळ तर सांगितलीच, शिवाय शेवटच्या फेरीत ती खांदे का आवळते हेही विचारले. सहा पानी मसुदा वकिलाने दुरुस्त करून दिला, करार मोडण्याचे कलम त्यात घातले, मुदत दोन वर्षांची केली, आणि अठरावा वाढदिवस उलटल्यानंतरच्या सोमवारी मुलीने माझ्यासमोर प्रत्येक पान वाचून त्यावर सही केली.