दारामागचे लाल कार्ड: ग्विनेट काउंटीतून एक परीक्षण

गेल्या वर्षीच्या गारपिटीनंतर अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आमच्या घराचे छप्पर बदलायला कामगारांची एक टोळी आली होती. टोळीचा मुकादम मूळचा मेक्सिकोचा. मोजमापाची चिठ्ठी काढण्यासाठी त्याने पाकीट उघडले, तेव्हा ग्वादालूपे मातेच्या (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या) चित्राला लागून खोचलेले एक लालभडक कार्ड मला दिसले. पुढे गावातल्या वाचनालयात झालेल्या कायदेविषयक कार्यशाळेत तसलीच चार कार्डे मला फुकट मिळाली, आणि तेव्हापासून ती वापरात आहेत.

इमिग्रंट लीगल रिसोर्स सेंटर ही कॅलिफोर्नियातील संस्था, इमिग्रेशन अधिकारी दारात आले तर स्थलांतरितांना आपले हक्क सांगता यावेत म्हणून, २००७ पासून ही कार्डे काढते. आकार एटीएम कार्डाएवढा. एका बाजूला अधिकाऱ्याने वाचायचा इंग्रजी मजकूर आहे: अमेरिकेच्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार मी प्रश्नांना उत्तरे देऊ किंवा कशावर सही करू इच्छित नाही, आणि चौथ्या दुरुस्तीनुसार, माझे नाव व न्यायाधीशाची सही असलेले वॉरंट दाराखालून सरकवल्याखेरीज घरात येण्यास माझी परवानगी नाही. दुसऱ्या बाजूला बाळगणाऱ्याच्या भाषेत सूचना आहेत: दार उघडू नका, वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका, बाहेर अडवले तर 'मी जाऊ शकतो का' असे विचारा.

या कार्डाची खरी किंमत 'न्यायाधीशाची सही' या शब्दांत आहे. इमिग्रेशन खाते ज्याला वॉरंट म्हणते, तो कागद बहुतेक वेळा त्या खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेला असतो. त्यावर न्यायालयाचे नाव नसते. घाबरलेल्या माणसाला दोन्ही कागद सारखेच दिसतात. कार्ड त्याला नेमके काय पाहायचे ते सांगते आणि मोडक्या इंग्रजीत वाद घालण्याची पाळी त्याच्यावर येऊ देत नाही. अर्थात कार्ड म्हणजे काही कडीकुलूप नव्हे. आत घुसायचेच असे ठरवून आलेल्याला ते थोपवू शकणार नाही. आमच्या आईची अडचण मात्र निराळीच निघाली. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली ती सूचना वाचून म्हणाली, "दार न उघडता बोलायचं? माणसाला काय वाटेल!"

कार्डाची मोठी मर्यादा मुकादमाने मला दाखवून दिली. तो स्वतः गाडी चालवत नाही. लायसन्स असलेली मेव्हणी त्याला सकाळी सोडते आणि संध्याकाळी घेऊन जाते. कारण कार्ड घराच्या दारासाठी लिहिलेले आहे, आणि आमच्याकडे संकट येते ते रस्त्यावरून. कागदपत्रे नसलेल्यांना जॉर्जियात लायसन्स मिळत नाही. मागचा दिवा फुटला म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली, तर विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल काउंटीच्या तुरुंगात जावे लागू शकते, तेथे बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते केंद्र सरकारच्या नोंदींशी ताडले जातात. त्यानंतर त्या माणसाला सुटकेच्या वेळेपलीकडे ४८ तासांपर्यंत अडकवून ठेवण्याची विनंती इमिग्रेशन खात्याकडून तुरुंगाला येऊ शकते. ठसे द्यायच्या टेबलावर हे कार्ड कोणी वाचत नाही. उत्तरे न देण्याचा हक्क तेथेही असतो, पण तोवर बोटांनी सगळे सांगून टाकलेले असते.

शेरीफच्या (म्हणजे काउंटीचा तुरुंग सांभाळणाऱ्या, निवडून आलेल्या अधिकाऱ्याच्या) माणसांना इमिग्रेशनचे अधिकार देणारा २८७(जी) हा केंद्राबरोबरचा करार जवळच्या कॉब काउंटीने, योगायोगाने कार्ड निघाले त्याच वर्षी, म्हणजे २००७ मध्ये केला. ग्विनेटने तो २००९ मध्ये केला. निवडणुकीत नवे शेरीफ आले आणि जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडचे करार संपले. मग २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला की तुरुंगाने कैद्याचा इमिग्रेशनचा दर्जा तपासलाच पाहिजे. टाळाटाळ करणाऱ्या शेरीफवर गुन्हा आणि त्याच्या खात्याच्या राज्य निधीवर गदा. म्हणजे मतदारांनी दारातून घालवलेले काम विधानसभेने खिडकीतून आत आणले. माझ्या मते हे वाईट झाले: उद्या घरी चोरी झाली तरी मुकादम आता पोलिसांना बोलावताना दहादा विचार करणार.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक इशारा द्यायलाच हवा. 'आमचे सगळे कायदेशीर, आम्हाला कार्ड कशाला' हे जितके चूक, तितकेच 'कार्ड आहे, आता कागद नकोत' हेही चूक. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा असा केंद्राचा जुना कायदा आहे. म्हणून नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी आणि फिरायला आलेल्या आईवडिलांनी आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत, तर ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्डच बरोबर ठेवावे. चालकाला लायसन्स दाखवावेच लागते. तेथे गप्प राहण्याचा हक्क कामाला येत नाही. आई संध्याकाळी कानटोपी घालून फिरायला निघते, तेव्हा तिच्या बटव्यात आता कार्ड आणि आय-९४ दोन्ही असतात.

छपाईबद्दल थोडेसे. संस्थेच्या संकेतस्थळावरून नमुना फुकट उतरवून घेता येतो. मी जवळच्या एका दुकानातून आणखी वीस प्रती काढल्या, तर त्याने पातळ कागदावर फिकट गुलाबी छापून दिल्या आणि आठवड्यात त्यांच्या घड्या पडल्या. पुठ्ठ्यासारखा जाड कागद मागावा आणि रंग आधी एका प्रतीवर पाहून घ्यावा. कार्यशाळेतल्या चारांपैकी एक आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, पाहण्याच्या भोकाखाली चिकटवले आहे, एक आईच्या बटव्यात आहे. उरलेली दोन मुकादमाने मेव्हणीसाठी आणि तिच्या मुलासाठी मागून नेली.