अक्रातलं वडाप: ट्रो-ट्रोने केलेला प्रवास

घानाची सहल ठरवताना पुण्यातल्या एका एजन्सीने आम्हाला सगळे दिवस एसी गाडी आणि ड्रायव्हर घ्या म्हणून गळ घातली. मी नको म्हटलं. धाकटा भाऊ तिथल्या टेमा शहरात नोकरीला आहे, तो म्हणाला, "ताई, तू कराड-पाटण वडापने कॉलेज केलंस, तुला इथे गाडी कशाला?" ट्रो-ट्रो म्हणजे घानाच्या राजधानीतलं, अक्रातलं वडापच. जुनी मिनीबस, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात बायबलमधली ओळ, आणि गाडी भरली की सुटणार.

गाडीवर पाटी नसते. दारात उभा असलेला कंडक्टर, त्याला तिथे 'मेट' म्हणतात, तोच पाटी. "सर्क-सर्क-सर्क!" म्हणजे क्वामे एन्क्रुमा सर्कल हा मोठा चौक, "क्रा-क्रा-क्रा!" म्हणजे शहराचा मध्य. गोंगाटात ऐकू आलं नाही तर हाताकडे बघायचं. बोट खाली करून गोल फिरवलं की गाडी सर्कलला चालली. एका सकाळीच हे अंगवळणी पडलं.

बसताना "गुड मॉर्निंग" म्हणायचं. सगळे म्हणतात, आणि न म्हणणारा उद्धट ठरतो. मधल्या वाटेत घडीच्या सीट असतात, त्यामुळे मागच्याला उतरायचं असलं की अख्खी ओळ उठते, आणि कुणी कुरकुर करत नाही. पैसे मागून पुढे हातोहात येतात. मेट नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतो, कोणत्या ओळीतून किती आले ते तोंडपाठ ठेवतो आणि सुट्टे त्याच वाटेने परत पाठवतो. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. खचाखच भरलेल्या गाडीत एकाही माणसाचे सुट्टे चुकले नाहीत. भाडं वाहतूकदारांची युनियन सरकारशी बोलून ठरवते, त्यामुळे घासाघीस नाही आणि परदेशी बाई दिसली म्हणून जास्तीची मागणीही नाही. टॅक्सीवाल्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. पैसे मात्र उजव्या हातानेच द्या, डावा हात पुढे करणं तिथे अपमानाचं समजतात. आणि लहान नोटा जवळ ठेवा, सेडीची (हे तिथलं चलन) मोठी नोट बघितली की मेटचं तोंड वाकडं होतं. उतरायचं असलं की "मेट, बस स्टॉप!" एवढं पुरतं.

एकच फेरी करणार असाल तर अक्रातल्याच टेमा स्टेशन नावाच्या गाडीतळावरून किनाऱ्याच्या रस्त्याने नुंगुआकडे जाणारी करा. समुद्राच्या बाजूची खिडकी धरा. इंडिपेंडन्स स्क्वेअरची कमान जाते, मग डेन्मार्कच्या लोकांनी सतराव्या शतकात बांधलेला ओसूचा किल्ला, 'लबाडी' नावाचा समुद्रकिनारा, आणि पुढे टेशी. टेशीला उतराच. तिथल्या सुतारांच्या कार्यशाळांत माणसाच्या धंद्याप्रमाणे शवपेट्या बनतात: कोळ्यासाठी मासा, कोकोच्या शेतकऱ्यासाठी कोकोची शेंग. मी बघितलेल्या माशाचा खवला न् खवला रंगवलेला होता, आणि कारागीर शेपटीला पॉलिश पेपर घासत बसला होता. फोटो काढायच्या आधी विचारा, काही ठिकाणी पैसे मागतात आणि ते रास्तच आहे. जवळच केंके आणि तळलेला मासा मिळतो. मक्याचं आंबवलेलं पीठ मक्याच्या सालीत बांधून उकडतात, बरोबर शिटो नावाची काळी झणझणीत चटणी. शाकाहारी मंडळींनी शिटो टाळावा, त्यात सुकी मासळी असते. शिवाय तिथल्या साध्या भाजीतही सुकी मासळी असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी विचारून घ्या.

आता खटकलेल्या गोष्टी. गाड्या जुन्या आहेत, सीट-बेल्ट बहुतेक ठिकाणी नाही, आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलात तर घामाने निथळाल. सिग्नलला डोक्यावर टोपली घेऊन पोरी पाण्याच्या थंड पिशव्या विकतात, तोच काय तो दिलासा. सर्कलच्या गर्दीत मोबाइल आतल्या खिशात ठेवा. अंधार पडल्यावर किंवा मोठी बॅग असेल तर ॲपवरून गाडी मागवा. केप कोस्टचा किल्ला बघायला लांबचा पल्ला आहे, दीडेकशे किलोमीटर, तिथे मी ट्रो-ट्रो सुचवणार नाही. एसटीसी या तिथल्या बस कंपनीची बस घ्या आणि एक रात्र तिथेच राहा. गुलामांच्या कोठड्यांतून बाहेर आल्यावर लगेच तीन-चार तासांचा परतीचा प्रवास मन घेत नाही.

तयारीचं थोडक्यात सांगते. पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी. दाखल्याशिवाय घानात प्रवेश नाही, परत येताना आपल्या विमानतळावरही तो बघतात, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या. मे-जून पावसाचे. डिसेंबर ते फेब्रुवारी पाऊस फारसा नसतो, पण सहाराकडून धुळीचा वारा येतो. दम्याचा त्रास असेल त्यांनी इन्हेलर विसरू नये.

ट्रो-ट्रोला माझ्याकडून पाचपैकी चार. कापला तो एक सीट-बेल्टसाठी.