कळंबोलीतला रेडिएटरवाला : अण्णांच्या ४०७साठी

अण्णांची १९८८ची टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, आम्ही ऐरोलीत घरासमोरच दुरुस्त करून पुन्हा चालती करतोय. ब्रेक, वायरिंग, हौद्याच्या फळ्या, सगळं घरी केलं. रेडिएटर मात्र माझ्या हातचं काम नव्हतं. दोन ठिकाणी 'नवीनच टाका' ऐकून शेवटी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका छोट्या दुकानात गेले.

दुकानातल्या काकांनी आधी रेडिएटरच्या जाळीवर नख घासून पाहिलं. "तांब्याची आहे ताई, हिला टाकू नका." वरची टाकी झाळ वितळवून उघडली तेव्हा आतल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षारांनी बुजलेली दिसली. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याचा परिणाम. त्यांनी एकेका नळीत पातळ पट्टी घालून ती मोकळी केली, टाकी पुन्हा झाळली, मग तोंडं बंद करून आत हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे आले. तिथे पुन्हा डाग दिला, पुन्हा बुडवला. हे त्यांनी मला उभं करून दाखवलं, म्हणून माझा विश्वास बसला.

३,२०० रुपये घेतले. दोन दिवस सांगून पाच लावले, फोनही उचलला नाही; तेवढं सुधारायला हवं.

काल ठाणे-बेलापूर रस्त्यावर तासभर फिरवली, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. दिवाळीनंतर पनवेलहून गुहागर, अण्णांना शेजारी बसवून. कशेडीला बोगदा सोडून जुन्या घाटानेच चढवणार आहे.